डिओरेला, दगडफूल आणि नवऱ्याचं नाक

कातरवेळ | २१ जून, रात्री १०.४०

भाची मे महिन्यात पॅरिसहून आली तेव्हा माझ्यासाठी डिओरेला या सेंटची पाच मिलीची कुपी घेऊन आली. स्वतःच्या बाटलीतून काढून दिलेली, वर तिच्याच किरट्या अक्षरात नाव. "मावशी, तुला लिंबू आवडतं ना, मग लाव हे." शिफारस एवढीच. तीन आठवडे लावतेय. लिहायला बसले कारण इथले सेंटवरचे धागे 'ऑफिससाठी हजाराच्या आत काय घेऊ' याच्या पुढे सरकत नाहीत.

आधी जातकुळी. डिओरेला शीप्र घराण्यातलं. शीप्र म्हणजे फ्रेंचमध्ये सायप्रस बेट. फ्रान्स्वा कोतीने १९१७ साली या नावाचं परफ्यूम काढलं आणि ते एवढं गाजलं की पुढे ते नाव अख्ख्या घराण्यालाच चिकटलं. घराण्याची चीज ठरलेली: वर बर्गमॉट, म्हणजे इटलीच्या कलाब्रियातलं कडसर लिंबू, मध्ये गुलाब-जाई, तळाशी लॅब्डेनम नावाची चिकट राळ आणि ओकमॉस. गेरलांचं मित्सुको (१९१९) हे घराण्यातलं भारदस्त, शालू नेसलेलं माणूस. डिओरेला १९७२चं, एदमों रुदनित्स्का या परफ्यूम रचणाऱ्याच्या हातचं, आणि ते मुळीच शालूतलं नाही. धुवट सुती साडी, बाह्या वर सारलेल्या.

याच रुदनित्स्काने १९६६ साली ओ सोव्हाज नावाचं परफ्यूम केलं होतं. ते गेलं पुरुषांच्या कपाटात, हे आलं बायकांच्या. दोन्ही शेजारी ठेवून हुंगा, सख्खी भावंडं आहेत. त्यामुळे खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, मी याला बिनदिक्कत युनिसेक्स म्हणते, आणि घरात त्याची खात्रीही करून घेतली. ते पुढे.

पहिल्या दिवशी मी चूक केली. वास बघायच्या कागदी पट्टीवर फवारलं, लिंबू आलं, आवडलं, लगेच दोन्ही मनगटांवर मारून भाजी आणायला गेले. लिंबू म्हणजे सरबतातलं नव्हे, साल नखाने खरवडली की डोळ्यात उडतो तो फवारा. त्यामागे काहीतरी हिरवं, सब्ज्याच्या रोपाची पानं चुरगळल्यासारखं. तुळस नाही, तुळशीला लवंगेचा तिखटपणा असतो, तो यात नाही. आणि मग, मंडईत पोचेपर्यंत, खरबूज. ताजं नाही हो. सकाळी कापून झाकून ठेवलेलं, संध्याकाळी फ्रिज उघडला की 'आज संपवलं नाही तर उद्या टाकावं लागेल' असं ज्याचा वासच सांगतो, ते. मी घरी येऊन साबणाने हात धुतले.

चौथ्या दिवशी त्याच खरबुजाची वाट बघत होते. कारण त्याच्या पाठोपाठ जाई येते. गजऱ्यातली दाटलेली नाही. रात्री जेवून फिरायला निघालं की कुणाच्या तरी कंपाउंडवरून येते आणि वेल कुठेय ते दिसत नाही, ती. खरबूज नसतं तर ही जाई फार सोवळी वाटली असती. जरासं नासण्याच्या बेतात असलेलं काहीतरी शेजारी असलं की फुलाला माणूसपण येतं, असं माझं मत झालंय.

आता मूळ मुद्दा. सकाळी नऊला लावलेलं. दुपारी तीनला मी कुकर लावत होते, नवरा पाणी प्यायला आत आला, माझं मनगट ओट्यावर होतं. म्हणाला, "मसाला केलास?"

मी त्या दिवशी फोडणीसुद्धा केली नव्हती.

डबा काढला. गोड्या मसाल्यासाठी आणलेलं दगडफूल पुडीत उरलं होतं. वरून करडं, खालून काळं कुळकुळीत, कडा वळलेल्या, हातात घेतलं तर वजनच नाही. नुसतं हुंगलं तर फारसं काही कळत नाही. बोटांत चुरलं आणि मनगटाशेजारी धरलं. आणि हसायलाच आलं. ओल्या दगडाचा, लाकडाचा, जरा शाईसारखा कडवट वास, दोन्हीकडे तोच. ओकमॉसला नावात मॉस म्हणतात, पण ते शेवाळ नव्हे. ओकच्या फांद्यांवर वाढणारं दगडफूलच ते, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. म्हणजे ज्याला फ्रेंच लोक शंभर वर्षं डौल म्हणताहेत ते आपण आमटीत घालतो.

नवऱ्यालाही लावलं. त्याच्या अंगावर लिंबू चांगलं तासभर राहिलं, जाई कमी, मसाला उशिरा. माझ्या कोरड्या कातडीवर पाच-सहा तास, ओढणीवर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. पुण्यात ढगाळ दिवशी यासारखं सुख नाही. पण गेल्या आठवड्यात लोकलने दादरला गेले होते, तिथल्या दमटपणात लिंबू कुर्ल्याला उतरून गेलं आणि मी व खरबूज पुढे गेलो. मुंबईकरांनी जपून.

---

तळ्यातमळ्यात | २१ जून, रात्री १०.५२

रुमाल टाकून ठेवतो. सकाळी वाचेन.

---

माजघर | २२ जून, सकाळी ८.१५

मस्त लिहिलंय. "मी व खरबूज पुढे गेलो" :))

पण खरं सांगा, एवढे पैसे खर्चून मसाल्याचा वास घेऊन मीटिंगला बसायचं? मी तर स्वयंपाक करून निघताना केसाला वास लागलाय का ते दहादा बघते.

---

कातरवेळ | २२ जून, सकाळी ९.०५

माजघर, अहो मसाल्याचा नाही, मसाल्यातल्या एकाच जिन्नसाचा. धणे, जिरं, खोबरं, तीळ सगळं वजा करा. नुसतं दगडफूल उरलं तर त्याला स्वयंपाकघर कोण म्हणेल? नवरा म्हणाला कारण तो आमच्याकडे मसाला कुटताना दगडफूल भाजायला बसतो. माझ्या ऑफिसात एकीने "पावसाचा वास येतोय" म्हटलं. नाकाला जे ओळखीचं, तेच ते सांगतं.

---

रसायनवाला | २२ जून, दुपारी १.३०

याच धंद्यात वीसेक वर्षं आहे, म्हणून थोडं.

नवऱ्याचं नाक खोटं नाही. ओकमॉस आणि आपलं दगडफूल या वेगवेगळ्या जाती, पण दोन्हींत अ‍ॅट्रेनॉरिन नावाचं द्रव्य असतं आणि ते तुटलं की त्यातून त्या ओल्या, शाईसारख्या वासाचे रेणू मिळतात. गंमत अशी की त्याच तुटण्यातून अ‍ॅट्रेनॉलही निघतं, आणि ते व क्लोरोअ‍ॅट्रेनॉल कातडीला भयंकर अ‍ॅलर्जी करू शकतात. युरोपीय संघाने २०१७ साली त्यावर नियम केला. ऑगस्ट २०१९ पासून ते असलेला नवा माल बाजारात आणता येत नाही, ऑगस्ट २०२१ पासून विकताही येत नाही. लोक 'ओकमॉसवर बंदी आली' म्हणतात ते अर्धवट आहे. हे दोन रेणू काढून टाकलेलं ओकमॉस वापरता येतं, प्रमाणाला मर्यादा आहे. शिवाय एव्हर्निल म्हणून एक कृत्रिम रेणू आहे, ओकमॉसचा मुख्य वास तोच देतो. त्याचा वास स्वच्छ येतो, जरा इस्त्री केल्यासारखा. जुन्यातली जी चिखलाळ खोली होती ती त्यात नाही.

इथे कुणीतरी उत्साहाने दगडफूल स्पिरिटमध्ये भिजत घालणार हे दिसतंय. हुंगायला घाला, अंगाला लावू नका. बर्गमॉटचं कच्चं तेलही लावून उन्हात जाऊ नका. त्यात बर्गाप्टेन असतं, उन्हाबरोबर ते कातडीवर काळे डाग पाडतं. परफ्यूममध्ये सहसा ते काढून घेतलेलं तेल असतं.

आणि ती 'कंपाउंडवरची जाई'. ती आहे हेडियोन. जाई-चमेलीच्या कुळातल्या फुलात सापडलेल्या द्रव्यावरून फिर्मेनिश या सुगंधद्रव्यांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेला रेणू. ठळकपणे वापरून लोकांना तो पहिल्यांदा दाखवला रुदनित्स्कानेच, ओ सोव्हाजमध्ये. फुलात इंडोल नावाचंही एक द्रव्य असतं. गजरा रात्री उशीजवळ राहिला तर सकाळी त्याला जो जड, जरा डांबरगोळीकडे झुकणारा वास येतो, तो इंडोलचा. हेडियोनमध्ये तो नाही. जाईतली नुसती हवा घेतली आणि जडपणा वेलीवरच ठेवला, असं समजा. कातरवेळ यांना जाई 'सोवळी' वाटली ती त्यामुळे, आणि नासकं खरबूज शेजारी बसवण्याची अक्कल रुदनित्स्काची.

---

तळ्यातमळ्यात | २२ जून, दुपारी २.१०

वाचलं. काल रात्रीच दगडफूल भिजत घातलं होतं. थँक्यू रसायनवाले.

---

सांगलीकर | २२ जून, रात्री ९.२०

मी सत्तरीचा माणूस, स्पिरिटचे सेंट मला चढत नाहीत, डोकं धरतं. पण या 'युनिसेक्स'चं हसू आलं. आमच्या लहानपणी लग्नात मांडवाच्या दारात एकजण अत्तरदाणी, एकजण गुलाबदाणी घेऊन उभा असे. आलेल्या प्रत्येकाच्या उपड्या हातावर अत्तर लावलं जाई, बाप्या असो की बाई. हिना असेल तर हिना, मोगरा असेल तर मोगरा. वडील वकील होते, कोर्टात जाताना कानाच्या पाळीत मोगऱ्याचा फाया. जज्जसाहेबांना ते बायकी वाटलं असं कधी ऐकलं नाही. फुलाला बाईचं नि लाकडाला पुरुषाचं कुणी केलं, तर दुकानदारांनी, त्यांना एका घरात दोन बाटल्या खपवायच्या असतात.

दगडफुलाबद्दल: कनौजवाले शमामा अत्तर करतात त्यात जटामांसी, नागरमोथा यांच्याबरोबर छडीला पडतो. छडीला म्हणजे हेच दगडफूल. देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाण्यासोबत शिजवायचं, वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात, चंदनाच्या तेलावर उतरवायची. तेव्हा फ्रेंचांचं कौतुक करा, पण आमटीवर थांबू नका, अत्तरातही ते आपल्याकडे आहेच.

---

कातरवेळ | २२ जून, रात्री ९.४५

काका, हे 'आमटीवर थांबू नका' मान्य. शमामा हिवाळ्यात लावलाय, एका थेंबात शाल पांघरल्यासारखं होतं. पण त्यात मोकळा वारा नाही ना. डिओरेलात खाली तेच दगडफूल, आणि वर खिडकी सताड उघडी. मला तो उलटा न्याय आवडला.

---

हिरवा चाफा | २३ जून, सकाळी ११.००

थोडा वेगळा सूर लावते.

माझ्याकडे आत्याने ऐंशीच्या दशकात आणलेली डिओरेलाची बाटली आहे, तळाला बोटभर उरलेली. वरचं लिंबू कधीच मेलंय, उघडल्यावर पहिली पाच मिनिटं नेलपॉलिशसारखं काहीतरी. पण त्यानंतर जे खरबूज आणि मॉस येतं ते आजच्या बाटलीत मला सापडत नाही. आजचं छान आहे, नीटनेटकं आहे. जुनं जरा बेशिस्त होतं. मला बेशिस्त आवडायचं. रसायनवाल्यांचे नियम पटतात, कुणाच्या मानेवर पुरळ उठावं असं मी म्हणत नाही, पण शोक करायची परवानगी असावी.

खरबुजाला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा माझ्या नावाचं फूल हुंगावं. पानांतून दिसत नाही, वास मात्र पिकल्या फळाचा, केळं की फणस ठरवता येत नाही. फुलाने फळासारखं वागणं आपल्याला नवीन नाही.

अवांतर: शॅनेलचं क्रिस्टाल (१९७४) कुणी लावलंय का? तेही याच ताज्या शीप्रांतलं, पण फळ नाही, नुसता हिरवा कडकपणा. घेवड्याची कोवळी शेंग मोडल्यासारखा. तो वास गॅल्बनमचा, आणि गॅल्बनम निघतं हिंगाच्या सख्ख्या कुळातल्या झाडापासून. मिसळणाचा डबा काही आपल्याला सोडत नाही.

---

सनीव्हेलचा बंडू | २४ जून, सकाळी ७.३५

मी पुरुष आहे आणि डिओरेला लावतो, नोंद घ्यावी. ऑफिसात फक्त एकाने विचारलं, आणि त्याने स्वतःच मागवलं.

सावधानतेचा इशारा: पहिल्यांदा मी ते एका साइटवरच्या अनोळखी विक्रेत्याकडून अर्ध्या किमतीत घेतलं होतं. आलं ते टॅक्सीत आरशाला लटकवतात त्या खेळण्याच्या वासाचं, लावल्यावर हात चिकट. खोकं मात्र अस्सलपेक्षा अस्सल. पैसे परत मिळायला दोन महिने लागले. तेव्हापासून आधी नमुन्याची कुपी, मग बाटली.

रुदनित्स्काप्रेमींसाठी: त्याने बायकोसाठी एक परफ्यूम करून ठेवलं होतं, जाई-खरबुजाचंच, जरा चामड्याकडे झुकणारं. तो १९९६ साली गेला, आणि ते २०००मध्ये फ्रेदेरिक मालने 'ल परफ्यूम द तेरेझ' या नावाने बाजारात आणलं. इथल्या दुकानात लावून पाहिलं. डिओरेला ही दिवाणखान्यात बोललेली गोष्ट, तर हे घरातलं बोलणं.

---

माजघर | २४ जून, दुपारी १२.४०

मला कुणी सांगेल का, लावून बघायचं कसं? मॉलमध्ये गेले की ती मुलगी एकामागे एक पट्ट्या हातात देते, मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला सांगते, आणि चौथ्या पट्टीनंतर मला सगळंच कॉफी लागतं.

---

रसायनवाला | २४ जून, दुपारी १.१५

कॉफीने नाक 'धुतलं' जात नाही, तो आणखी एक जोराचा वास असतो इतकंच. स्वतःच्या कोपराचा आतला भाग किंवा बाही हुंगा, नाकाला तो रोजचा असल्यामुळे विसावा मिळतो. एका खेपेला दोनच, एक डाव्या हातावर, एक उजव्या. आणि दुकानातून बाहेर पडा. लिंबाचे रेणू हलके, पंधरा-वीस मिनिटांत बरेचसे उडून जातात. काउंटरवर तुम्ही फक्त तेवढेच विकत घेत असता. शीप्र तर पाच तासांनंतर कळतं, म्हणून सकाळी लावून घरकामं करा, मनगट नाकाला चिकटवून बसू नका. सारखं हुंगलं की नाक तो वास ऐकायचं बंद करतं, आणि माणूस म्हणतो, टिकत नाही.

---

तळ्यातमळ्यात | २४ जून, दुपारी १.५०

मला अजून दगडफूल = ओकमॉस हे पटत नाही. भिजवलेल्या बाटलीचा मला तरी जुन्या दप्तराचा वास येतो. कातरवेळ, पुरावा द्या. सहा तास जुनी पट्टी एका पाकिटात, चुरलेलं दगडफूल दुसऱ्यात, वर नाव नाही. घरच्यांना हुंगायला द्या.

---

हिरवा चाफा | २४ जून, दुपारी २.०५

+१. आणि नवऱ्याला आधी काही सांगू नका.

---

लॅब्डेनमशोधक | २४ जून, रात्री ११.३०

दगडफुलाच्या नादात बिचारं लॅब्डेनम राहिलं. भूमध्य समुद्राकाठच्या सिस्टस नावाच्या झुडपाची ती राळ. उन्हात पानं चिकचिकीत होतात, चरणाऱ्या शेळ्यांच्या दाढीला ती चिकटते, आणि लोक दाढी विंचरून ती गोळा करायचे. हिरोडोटसने लिहून ठेवलंय, इतका सुवासिक पदार्थ इतक्या घाण वासाच्या जागी सापडतो म्हणून. डिओरेलात ते फार नसावं, पण शीप्रचा सगळा संसार आमटी, हिंग आणि बोकडाची दाढी यांवर चाललाय हे ध्यानात असू द्या.

---

सांगलीकर | २५ जून, सकाळी ६.१०

शोधक, सकाळी सकाळी हसवलंत.

---

कातरवेळ | १७ ऑगस्ट, रात्री १०.२०

धागा वर काढतेय. प्रयोग केला, उशीर झाला कारण मध्ये सासूबाई आल्या आणि मग त्याच परीक्षक झाल्या.

कुपीत चार-पाच फवारे उरले होते. सकाळी पट्टीवर दोन मारले, दुपारी पट्टी पाकिटात. दुसऱ्या पाकिटात चिमूटभर दगडफूल, तळव्यावर चुरून. अंदाज येऊ नये म्हणून दोन्हींत कापूस भरला. परीक्षक: सासूबाई, मुलगा, नवरा.

मुलगा (वय चौदा) दोन्हीला "आजोबांच्या ट्रंकेचा वास" म्हणाला आणि निघून गेला. सासूबाईंनी पट्टीचं पाकीट फार वेळ धरलं. म्हणाल्या, "आमच्या वाड्यात न्हाणीघराच्या मागे जाईचा वेल होता, तिथली भिंत पावसाळ्यात अशी यायची." जाई असं मी बोलले नव्हते. दगडफुलाचं पाकीट हुंगून म्हणाल्या, "हीच भिंत, पण वेल तोडलाय." तळ्यातमळ्यात, यापेक्षा चांगला पुरावा मला देता येणार नाही.

शिवाय आता आमच्या बाल्कनीतली जाई फुललीय, तिच्याशेजारी मनगट धरून पाहिलं. खरी जाई जड आहे, रसायनवाले म्हणतात ते बरोबर. संध्याकाळी दोन्ही सारखी वाटतात, दहा वाजता खरी जाई पुढे निघून जाते.

नवऱ्याला शेवटी दिलं. पेन मागितलं, दोन्ही पाकिटांवर नावंच घालून दिली. पट्टीवर लिहिलं 'मसाला'. दगडफुलावर लिहिलं 'सेंट', खाली दोन रेघा.

---

माजघर | १७ ऑगस्ट, रात्री १०.३१

मग? सांगितलंत का त्यांना?

---

कातरवेळ | १७ ऑगस्ट, रात्री १०.३८

नाही. सेंट उद्याच्या मसाल्यात घालतेय.